अप्पांची खोटी पट्टी

आमच्या घरात दोन पट्ट्या होत्या. एक खरी, एक खोटी. खरी माझ्या कंपासपेटीत असायची आणि दर दोन महिन्यांनी हरवायची. खोटी अप्पांच्या हत्यारांच्या पेटीत, जुन्या बनियनच्या तुकड्यात गुंडाळून ठेवलेली. पोलादी, साठ सेंटिमीटरची. तिला कुणी हात लावायचा नाही असा घरात कायदा होता. तो मी सहावीत मोडला. खरी नेहमीप्रमाणं हरवली होती आणि भूमितीचा तास होता, म्हणून खोटी दप्तरात खुपसून नेली. ती अर्धी बाहेर डोकावत होती.

दहा सेंटिमीटर बाजूचा चौरस काढायचा होता. काढला. सरांनी मोजला तर चारही बाजू एकेक मिलिमीटर मोठ्या. चूक चारी बाजूंना इतकी सारखी कशी, असा प्रश्न सरांना पडायला हवा होता. पडला नाही. वहीवर तांबडी फुली आली, आणि घरी अप्पांकडून निराळा प्रसाद मिळाला. तो चौरसासाठी नव्हे, पट्टी नेल्याबद्दल.

"ती लोखंडाची पट्टी हाय, वहीची न्हवं," अप्पा म्हणाले. मग राग ओसरल्यावर त्यांनी समजावून सांगितलं.

अप्पा उद्यमबागेत पॅटर्नमेकर होते. बेळगावात फौंड्री म्हणजे काय हे कुणाला सांगावं लागत नाही, बाहेरच्यांसाठी सांगतो. पंपाचं घर असो की मशिनचा बेड, वितळलेलं लोखंड ज्या वाळूच्या साच्यात ओततात, तो साचा दाबून घ्यायला आधी तंतोतंत तसाच लाकडी नमुना लागतो. तो पॅटर्न. पण ओतलेलं लोखंड थंड होताना आकसतं, कास्ट आयर्न साधारण एक टक्का, स्टील दोनच्या आसपास. म्हणून पॅटर्न तेवढा मोठा करायचा. प्रत्येक मापाला हिशेब करत बसण्यापेक्षा पॅटर्नवाल्यांची पट्टीच ताणलेली असते. तिच्यावरचे शंभर मिलिमीटर म्हणजे जगातले एकशे एक.

अप्पांनी चाळीस वर्षं त्या जास्तीच्या एका टक्क्यात काढली. आकसण्यासाठी एक टक्का, मशिनिंगसाठी तीन मिलिमीटर, वाळूतून पॅटर्न अलगद निघावा म्हणून कडांना उतार. जादा ठेव, नंतर काढता येतं, हा त्यांचा धर्म. आणि त्यांच्या पोराला, म्हणजे मला, चाळिशी उलटल्यावर नाद लागला तो नेमका उलट्या कामाचा: बाल्साच्या लाकडाचं, रेडिओवर चालणारं विमान करायचं. त्यात प्रत्येक ग्रॅमला विचारायचं, तू इथं कशाला आलास?

विमानाचं वेड तसं जुनं. आम्ही पोरं सायकली हाणत सांबऱ्याला जायचो. तिथली धावपट्टी १९४२ सालची, दुसऱ्या महायुद्धातली. हवाई दलाची एअरमेन ट्रेनिंग स्कूल तिथंच. कुंपणाच्या तारेला नाक लावून तासन् तास उभं राहायचं आणि बहुतेक दिवशी एकही विमान न बघता परत यायचं. आता हायवेवर हत्तरगीला खऱ्या विमानांचे सुटे भाग तयार होतात, ओळखीतली पोरं तिथं कामाला जातात. मी मात्र ड्रॉइंग ऑफिसात पंपच काढत राहिलो.

बाल्साचं पहिलं पार्सल आलं तेव्हा कुरिअरवाल्या पोरानं खोका दोनदा हलवून बघितला. "काका, आत काय घातल्यात की नाही? नंतर माझ्या नावानं बोंबलू नका." एवढा मोठा खोका आणि वजन शंभर कागदांचं. अप्पांनी एक फळी उचलली, नखानं दाबली. नखाचा खड्डा पडला.

"ह्याला लाकूड म्हणतास व्हय? हे पापड हाय."

मी त्यांना सांगितलं की हे झाड दक्षिण अमेरिकेचं, बहुतेक माल इक्वेडोरहून येतो, सहा-सात वर्षांत तोडायला होतं, आणि वनस्पतिशास्त्राच्या हिशेबानं ते हार्डवूडमध्ये मोडतं. शेवटच्या वाक्याला अप्पा इतके हसले की ठसका लागला. सागात उभा जन्म गेलेल्या माणसाला बाल्सा हार्डवूड म्हणून सांगणं म्हणजे पैलवानाला तुझा सख्खा भाऊ म्हणून ससा दाखवण्यासारखं होतं.

पहिलं विमान मी एकट्यानं केलं आणि ते कसं केलं हे आठवलं की अजून कानकोंडं होतं. आराखडा साधा, शिकाऊ माणसासाठीचा: पंख अंगाच्या वर, टोकापासून टोकापर्यंत १२०० मिलिमीटर, रुंदी २०० मिलिमीटर, खालून सपाट. वजन ९५० ग्रॅमपर्यंत हवं असं त्यावर लिहिलं होतं. मी ते वाचलं आणि पॅटर्नमेकरच्या पोरासारखा वागलो. जिथं बाल्सा तिथं प्लाय. जिथं गोंदाचा थेंब तिथं एपॉक्सीचा लोंदा. चाकाजवळ वेगळी पट्टी, कारण उतरताना आपटेल. शेपटीला डबल, कारण शेपूट बारीक दिसत होती. वर दोन हात रंग. अप्पांनी ते उचललं, चारी बाजूंनी ठोकून बघितलं आणि पहिल्यांदा शाबासकी दिली. "आता मजबूत झालंय."

१३४० ग्रॅम झालं होतं.

शेपटीच्या वजनाचा फास तर मला नंतर कळला. विमान ज्या ठिकाणी तोललं जायला हवं ती जागा पंखाच्या पुढच्या कडेपासून साधारण पाव रुंदीवर असते; माझ्या पंखाला पाच-सहा सेंटिमीटर. शेपूट त्या जागेपासून लांब, नाक जवळ. तराजूचाच नियम. शेपटीत दहा ग्रॅम वाढले की तोल साधायला नाकात तीस घालावे लागतात. माझ्या त्या डबल शेपटीपायी नाकात शिसं कोंबलं होतं. म्हणजे एका भीतीचं वजन मी चारदा वाहत होतो.

उडवायला आम्ही येळ्ळूरच्या पुढं, राजहंसगडाच्या अंगाला जातो. सांबऱ्याच्या बाजूला फिरकतही नाही. २०२१ च्या ड्रोन नियमांनंतर विमानतळाच्या हद्दीपासून १२ किलोमीटरपर्यंत बंधनं आहेत, शिवाय तिथं हवाई दल. आणि खरं सांगायचं तर नियम नसते तरी ज्या आकाशात माणसं बसलेली विमानं उतरतात तिथं आपलं खेळणं नेऊ नये. येळ्ळूरकडं सुगी झाली की भाताची शिवारं मोकळी होतात. मसूर-वाटाणा उगवून वर येईपर्यंत काही आठवडे पाय ठेवायला जागा असते. सकाळी साडेसहाला वारा झोपलेला. गडाच्या खांद्यावर धुकं.

आमच्यात एक निवृत्त सार्जंट आहेत, धारवाडकडचे. सांबऱ्याला पोस्टिंग झालं आणि इथंच घर बांधलं. माझ्याशी हिंदीत सुरू करतात, मराठीत वळतात आणि राग आला की कन्नडमध्ये उतरतात. त्यांनी माझं विमान दोन बोटांवर तोललं आणि म्हणाले, "हगुर इल्ल."

इल्ल म्हणजे नाही, आणि हगुर म्हणजे कन्नडमध्ये हलकं. मराठी कानाला त्यात दुसरंच काही ऐकू येतं, आणि सीमाभागातलं एकही पोर असं नसेल जे त्या शब्दावर एकदा फिदीफिदी हसलं नाही. मी त्या दिवशीही हसलो. सार्जंट हसले नाहीत.

हातातून सोडलं. मोटर किंचाळत होती, विमान नाक वर करून कसंबसं चढत होतं. बांधाजवळ पोचल्यावर मी डावीकडं वळवलं, आणि वळणात डावा पंख एकदम खाली गेला, कुणी खालून दोरी ओढावी तसा. पुढचं बघायला दोन सेकंद पुरली. पलीकडच्या रानातला माणूस विळा हातात घेऊन पळत आला. "बित्तेन्री?" पडलं का म्हणून विचारत होता. दिसत होतंच.

विमान पडतं ते मोटर कमी पडली म्हणून, असं बहुतेकांना वाटतं. मलाही वाटायचं. खरं पंख हवेला ठरावीक कोनापर्यंतच धरून ठेवतो. त्यापुढं हवा पंखाला सोडते. वजन जास्त तर तेवढंच उचलायला वेग जास्त हवा, आणि तो वजनाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो. १३४० ग्रॅमचं माझं विमान ९५० च्या विमानापेक्षा सुमारे १९ टक्के जास्त वेगात असतानाच हात टेकत होतं. वळणात त्याहून जास्त. त्यात बेळगाव समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटर वर. हवाच इथली सात टक्के विरळ. आमच्या गारव्याचं एवढं कौतुक, त्याची किंमत ही.

तुकडे पिशवीत भरून घरी आणले. अप्पांनी एक एपॉक्सीचा सांधा हातात घेतला. सगळीकडचं लाकूड फाटलं होतं, सांधा मात्र शाबूत. ते बराच वेळ त्याच्याकडं बघत बसले. मग म्हणाले, "गोंद लाकडापेक्षा दांडगा झालाय. उपयोग काय?" आणि दुसऱ्या दिवशी माळ्यावरून एक जुना फ्लश डोअर खाली काढला, दोन कोपऱ्यांतून दोऱ्या ताणून तो सपाट आहे का ते बघितलं आणि मागच्या खोलीत दोन स्टुलांवर आडवा टाकला. "पावसाळ्यात परत करूया. ह्या वेळेला दोघं."

बाल्सा तेव्हा महागला होता, मनासारखी फळी मिळायची नाही. पवनचक्क्यांच्या पात्यांच्या पोटात, फायबरच्या दोन थरांमध्ये, बाल्सा भरतात, आणि २०२० च्या सुमाराला त्याची एवढी ओढ लागली की जगभर टंचाई पडली. सौंदत्तीला यल्लम्माच्या दर्शनाला जाताना डोंगरावर ती पाती फिरताना दिसली की मी आता हात जोडतो ते निम्मे देवीला आणि निम्मे हिशेबानं.

चौदा फळ्या आल्या. दीड मिलिमीटर जाडीची, तीन इंच रुंद, तीन फूट लांब फळी. सगळ्या दिसायला एकसारख्या. स्वयंपाकघरातल्या काट्यावर एक दहा ग्रॅमची भरली, दुसरी एकोणीसची. बाल्साचं हे असंच, एकाच झाडाच्या नावाखाली दुप्पट फरक. मी वजनं वहीत लिहीत होतो. अप्पांनी काटा बाजूला सारला, डोळे मिटले, एकेक फळी तळहातावर घेऊन आडवी किंचित वाकवली आणि तीन ढीग लावले. नंतर मोजलं. दोन फळ्या चुकल्या होत्या.

एका फळीवर चमकदार ठिपके होते. "ही वाकणार न्हाई, मोडेल," ते म्हणाले. "सिल्व्हर ओकची फळी अशी उभी चिरली की असंच चकाकतं." मी नेटवर तासभर वाचून जे शिकलो होतो ते एवढंच होतं: गाभ्याकडून सालीकडं चिरलेली ठिपकेदार फळी ताठ असते, ती बरगड्यांना वापरायची; साध्या रेषांची लवचिक असते, ती गोलाईवर चढवायची. पंखाच्या आतल्या त्या आडव्या फाळ्यांना अप्पा पहिल्या दिवसापासून बरगड्याच म्हणत आले. मग मीही म्हणायला लागलो.

हत्यारांनी मात्र त्यांना दगा दिला. त्यांची पटाशी, जिनं सागाचं तूप काढलेलं, बाल्साला कापत नव्हती, चेपत होती. रंधा तर विचारूच नका. दोन दिवस अप्पा गप्प होते. तिसऱ्या दिवशी बघतो तर दाढीचं ब्लेड अर्धं मोडून आइस्क्रीमच्या काडीला बांधलेलं, आणि त्यानं ते कांद्याची साल काढावी तसं बाल्साचं पान काढतायत. बरगड्यांसाठी प्लायचे दोन फर्मे केले, मध्ये बाल्साचे सोळा तुकडे दाबले, दोन बोल्ट आवळले आणि सगळा गठ्ठा एकदम पॉलिश पेपरनं घासून काढला. माझ्या मागच्या सोळा बरगड्या सोळा प्रकारच्या होत्या. ह्या सोळा एका आईच्या. फक्त पहिल्या गठ्ठ्याला सवयीनं उतार पडला होता.

"अप्पा, हे वाळूतून काढायचं नाही."

त्यांनी गठ्ठ्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि काहीही न बोलता तो बाजूला ठेवून नवीन सोळा तुकडे कापायला घेतले.

एकदा त्यांना मॉस्किटोची गोष्ट सांगितली. दुसऱ्या महायुद्धातलं ब्रिटिशांचं लढाऊ विमान, अंग बाल्सा आणि प्लायचं, आणि ते करायला फर्निचरचे सुतार लावले होते. अप्पांनी एकच विचारलं, "साचा कशाचा?" मोहगनीचा, कुठं काँक्रीटचा, म्हटल्यावर त्यांनी मान हलवली. समाधान झालं होतं. त्या विमानानं कुठं काय केलं, ह्यात त्यांना रस नव्हता.

पाऊस त्या वर्षी दांडगा. फेविकॉल वाळायला दिवस लागायचा, रात्री सरळ ठेवलेली पट्टी सकाळी केळीच्या पानासारखी. मी दिवसा कामावर, म्हणून वाटणी झाली. डावा पंख मी रविवारी करायचा, उजवा अप्पांनी आठवडाभरात. मी आराखड्याचा कागद दारावर पसरून, वर प्लास्टिक घालून, टाचण्या टोचून त्याच्यावरच जुळवत गेलो. अप्पांना कागद पटेना. "पावसात कागद फुगतोय. कागदाला काय लाज असते व्हय?" त्यांनी उजव्या पंखाची मापं स्वतःच्या हातानं दारावर पेन्सिलीनं आखून घेतली. एका डोळ्याचा मोतीबिंदू काढलेला, दुसऱ्याचा व्हायचा होता. खरं रेघ मारताना हात अजून दगडासारखा.

दिवाळीआधी फिल्म चढवली. इस्त्री फिरवली की ती आकसते आणि सैल पंख तबल्यासारखा ताणला जातो. आकसणारं काहीतरी भेटलं म्हणून अप्पा खूश झाले. पंखावर नाव घालायचं ठरत होतं. सार्जंट म्हणाले, आता दुकानांच्या बोर्डाचा कायदा साठ टक्के कन्नडचा आहे, उजवा पंख पूर्ण आणि डाव्याचा थोडा तुकडा आम्हाला द्या. शेवटी नावच घातलं नाही. नावाचंही वजन असतं.

बॅटरीसकट ९५५ ग्रॅम.

त्या सकाळी अप्पा कानटोपी घालून बांधावर प्लास्टिकच्या खुर्चीत बसले. मी रिमोट हातात घेऊन लांब चालत गेलो, सिग्नल पोचतोय का बघितलं. कडा उजव्या-डाव्या बरोबर हलतायत का ते तीनदा बघितलं. सार्जंटनी सोडलं. ह्या वेळी ते चढलं नाही, तरंगत वर गेलं. मोटरचा आवाज अर्ध्यावर आणला तरी वरच. गडाच्या बाजूला गेलं, वळलं, आपल्याकडं यायला लागलं आणि माझी बोटं गोठली, कारण विमान समोरून येताना डावं उजवं होतं. सार्जंट कानाशी शांतपणे म्हणत होते, "जो पंख खाली, काडी त्याच बाजूला. बस." खाली डावा दिसला, काडी डावीकडं. सरळ झालं. बांधावरून अप्पांच्या डोक्यावरून गेलं तेव्हा पंखातून ऊन आरपार येत होतं आणि सोळा बरगड्या मोजता येत होत्या. अप्पा मान वर करून मोजत होते.

सात मिनिटं. मग खुंटांवर घासत, धापा टाकत उतरलं.

एकच गोष्ट खटकत होती. काडी सोडली की विमान हळूहळू डावीकडं कलायचं. रिमोटवर ट्रिमच्या, म्हणजे असा कल कायमचा काढायच्या बारीक बटणाच्या, तीन टिचक्या उजवीकडं दिल्या की सरळ. तीन टिचक्या म्हणजे काहीच नाही, कित्येक विमानांना दहा लागतात. तरी रात्री झोप येईना. पंख उतरवून दारावर ठेवला. पीळ नव्हता. दोन्ही टोकं तोलली, फरक नगण्य. मग टेप घेतला. डावा पंख ६०० मिलिमीटर. उजवा ६०६.

मागच्या खोलीत जाऊन मी हत्यारांची पेटी उघडली. बनियनचा तुकडा आता दुसरा होता, पट्टी तीच. कोपऱ्यात बारीक अक्षरांत टक्क्याचा ठसा. इतका बारीक की मलाही दिव्याखाली धरावा लागला. जशी होती तशी गुंडाळून ठेवली.

पुढच्या पावसाळ्यात दुसरं विमान काढायचं ठरलं तेव्हा मी रविवार पेठेतून एक नवी पोलादी पट्टी आणली आणि काही न बोलता दारावर ठेवली. अप्पांनी ती उचलली, उजेडाकडं धरली, परत ठेवली.

"चांगली हाय. खरं माझी बरी, हाताला सवय हाय."

मोतीबिंदूची तारीख पुढच्या महिन्यातली होती. ते त्यांच्या पट्टीनं उजवा पंख आखत होते आणि मी डाव्यासाठी कागद पसरत होतो. मग कागदाची गुंडाळी करून ठेवली.

"अप्पा, तुमची झाली की जरा इकडं द्या."

त्यांनी चष्म्यावरून बघितलं. "तुझी नवी?"

"तिची अक्षरं नीट दिसत नाहीत."

त्यांनी पट्टी बनियनच्या फडक्यानं पुसली आणि दारावरून माझ्याकडं सरकवली. नव्या विमानाचा पंख १२१२ मिलिमीटरचा आहे. ट्रिम शून्यावर.